वरचा हात आधी वाळतो

तुळशीबागेतून होस्टेलवर परतताना माझ्या दहा बोटांना दहा रंग असायचे. २०११ साल होतं. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मी रसायनशास्त्र शिकायला पुण्याला आले होते, आणि राममंदिराभोवतीच्या त्या अरुंद बोळांत दर पंधरवड्याला माझी एक चक्कर ठरलेली असे. बांगड्या, पिना, कानातली, भातुकलीची भांडी हे सगळं ओलांडून मी थेट नेलपॉलिशच्या टेबलाशी जायची. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बोटभर उंचीच्या बाटल्या दाटीवाटीनं उभ्या असायच्या. वीसला एक, पन्नासला तीन. विकणाऱ्या मावशी झाकण उघडून ब्रश माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, “लावून बघ, लावल्याशिवाय कळत नाही.”

त्यांचं हे वाक्य मला अजून पुरतंय. बाटलीतला रंग आणि नखावरचा रंग हे दोन वेगळे रंग असतात. काचेतून गर्द डाळिंबी दिसणारं नेलपॉलिश नखावर पहिल्या हातात कोकम सरबतासारखं पातळ उतरतं, दुसऱ्या हातात जरा भरतं, तिसऱ्यात कुठं बाटलीच्या रंगाला जाऊन मिळतं. घराला रंग देणारे ‘हात मारला’ म्हणतात, तोच शब्द आमच्या होस्टेलमध्ये नखांनाही होता. ‘दोन हातांत भरतंय का?’ हा पहिला प्रश्न. एका हातात भरणारी बाटली सापडली की बातमी तीन मजल्यांवर जायची.

त्या बाटल्यांवर नावं नसायची, नुसते नंबर. १७, ४२, १०८. महागड्या कंपन्यांच्या रंगांना लांबलचक इंग्रजी नावं असत आणि ती मला काहीच सांगत नसत. म्हणून मी माझ्या बाटल्यांना आईच्या साड्यांची नावं दिली: चिंतामणी, मोरपंखी, अबोली, आमसुली, विटकरी, वांगी. रंग ओळखायला मी शिकले ते आईसोबत साडीच्या दुकानात गादीवर बसून. तिथं ‘हिरवा दाखवा’ म्हणून भागत नाही. पोपटी, शेवाळी, की बाटली-हिरवा, असं दुकानदार विचारतो. ४२ नंबरची बाटली चिंतामणी होती. तो निळा आणि हिरवा यांच्या मधला रंग मी नंतर बऱ्याच महागड्या बाटल्यांत शोधला आणि तो तसा मला परत मिळाला नाही.

स्वस्तपणाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. आमच्या घरात चुकीला फार जागा नव्हती. बियाण्याची पिशवी चुकली की हंगाम जातो. पेरणी आठ दिवस आधी झाली आणि पाऊस लांबला, तर दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. शाळेत प्रयोगाची परीक्षानळी फुटली तर भरून द्यावी लागायची. वीस रुपयांची बाटली ही माझ्या आयुष्यातली पहिली अशी वस्तू होती जिच्यावर मला मनसोक्त चुका करता आल्या. दोन रंग एकात एक ओतून बघितले. ओल्यावर ओलं लावून बघितलं. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवली. एकदा नारळाच्या तेलाचा थेंब टाकून बाटली नासवली आणि ती का नासली याचा विचार करत झोपले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उत्तर आधी ठाऊक असायचं आणि आकडे त्याच्याकडे ओढून न्यायचे असायचे. नखांवर तसं नव्हतं.

आमच्याकडे नखं रंगवण्याची पहिली ओळख तेरड्यानं करून दिली. श्रावणात परसात तेरडा माजायचा. काकू त्याची पानं आणि लाल फुलं पाट्यावर वाटायची, चिमूटभर चुना घालायची आणि तो लगदा आमच्या नखांवर थापून वरून एरंडाचं पान दोऱ्यानं बांधायची. सकाळी नखं नारिंगी. तेरड्यात मेंदीतल्यासारखंच रंगद्रव्य असतं, हे मला एमएस्सीला कळलं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण त्याच्या फुलांवरून आली. आमच्या नखांवरचा तेरडा मात्र नख वाढून पुढं सरकेपर्यंत टिकायचा, पार दिवाळीपर्यंत. तीन दिवसांची म्हण लागू पडते ती स्वस्त नेलपॉलिशला. पहिल्या दिवशी आरशासारखं, दुसऱ्या दिवशी टोकं झिजलेली, तिसऱ्या दिवशी भांडी घासताना एका नखाचं टरफल निघून आलेलं. काकू सगळ्याच नेलपॉलिशला ‘क्युटेक्स’ म्हणायची. तिच्या तोंडी तो कंपनीचा शब्द नव्हताच, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसा वस्तूचा शब्द होता.

क्युटेक्सनं अमेरिकेत १९१७च्या सुमारास पातळ नेलपॉलिश विकायला सुरुवात केली. १९२०च्या दशकात मोटारगाड्यांसाठी नायट्रोसेल्युलोज या पडदा धरणाऱ्या पदार्थाचा झटपट वाळणारा रंग आला आणि नखांचा रंगही त्याच वाटेनं गेला. १९३२ मध्ये रेव्हलॉननं विरघळणाऱ्या रंगांऐवजी बारीक दळलेली रंगद्रव्यं वापरून नखं पूर्ण झाकणारं पॉलिश काढलं. आपल्याकडे १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. मला इतिहासातला मोटारीचा भाग आवडतो. गाडीच्या बॉनेटवरचा आणि करंगळीवरचा रंग एकाच घराण्यातले आहेत.

क्रॅकल, म्हणजे भेगा पडणारं नेलपॉलिश, आलं ते या सगळ्यात. २०११च्या जानेवारीत ओपीआय या कंपनीनं ‘ब्लॅक शॅटर’ नावाचं, दुसऱ्या रंगावर लावायचं काळं टॉपकोट काढलं आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक प्रत्येक कंपनीनं आपापलं काढलं. तशी ही कल्पना १९९०च्या दशकातही तिकडे एकदा येऊन गेली होती. तुळशीबागेत ते पोचलं तेव्हा बाटलीवर नुसतं ‘क्रॅक’ असं चुकीच्या स्पेलिंगमध्ये छापलेलं होतं. मावशींनी माझ्या अंगठ्यावर आधीच असलेल्या चंदेरी रंगावर काळ्याचा एक हात फिरवला आणि म्हणाल्या, “आता हलू नको. बघ.”

मी बघितलं. चार-पाच सेकंद काहीच झालं नाही. मग नखाच्या मधोमध काळ्यात एक केसाएवढी चंदेरी रेघ उमटली. तिच्या बाजूला दुसरी. मग कडेकडून सगळा काळा रंग आपला आपण सरकायला लागला, आक्रसायला लागला, आणि बघता बघता त्याची बेटं झाली. मधल्या वाटांतून खालची चांदी चमकत होती. मी आयुष्यात तोवर रंग वाहताना, सुकताना, उडताना बघितला होता. रंग असा चालताना पहिल्यांदा बघत होते. त्या दिवशी मी तीनही बाटल्या क्रॅकलच्या घेतल्या: काळी, पांढरी आणि आमसुली.

पुढचे दोन महिने आमच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. मी वहीत लिहून ठेवायची. खालचा थर पूर्ण वाळलेला हवा. तो ओला असेल तर वरचा रंग त्याच्यात मिसळतो, ओढला जातो, आणि नुसता चिखल होतो. वरचा हात एकदाच फिरवायचा. मुळापासून टोकापर्यंत, एका दमात. ब्रश परत मागं नेला की तिथं गोळा होतो, कारण रंग तोवर फाटायला लागलेला असतो. जाड हात दिला तर मोठी बेटं आणि रुंद भेगा. पातळ हात दिला तर बारीक, जाळीसारखी नक्षी. भेगा ब्रश फिरवला त्या दिशेनं लांबट होतात, म्हणून आडवा ब्रश फिरवला की आडव्या. वाळल्यावर क्रॅकल खडूसारखं निस्तेज दिसतं. वरून पारदर्शक पॉलिशचा हात दिला की एकदम जीव येतो. कडूलिंबाच्या काडीचं टोक सपाट करून, त्याच्यावर ओला कापूस गुंडाळून, त्यानं कडा साफ करायच्या. ही शेवटची युक्ती आमच्याच मजल्यावर निघाली.

ते का फाटतं, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. साध्या नेलपॉलिशमध्ये पातळ पडदा धरणारा घटक असतो, त्या पडद्याला लवचीक ठेवणारा घटक असतो, आणि हे सगळं विरघळवून ठेवणारी, नंतर उडून जाणारी द्रावणं असतात: इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट. तो गोडसर, डोक्यात जाणारा वास त्यांचा. द्रावण उडतं तसा पडदा आक्रसतो, पण लवचीक असल्यामुळे ताण सहन करतो. क्रॅकलमध्ये हे प्रमाण मुद्दाम बिघडवलेलं असतं. भर घालणारी पूड जास्त, लवचीकपणा कमी, द्रावण पटकन उडणारं. वरचा थर भराभर आक्रसायला बघतो, खालचा गुळगुळीत थर जागचा हलत नाही, आणि पडद्याला तो ताण पेलत नाही. तो फाटतो. फाटल्यावर त्या जागचा ताण भेगेला आडव्या दिशेनं मोकळा झालेला असतो, म्हणून नंतर आलेली भेग जुन्या भेगेला बहुतेक वेळा काटकोनात येऊन मिळते. भिंगातून नख बघा, कुठली भेग आधीची आणि कुठली मागाहून आली ते ओळखता येतं.

२०१२च्या मे महिन्यात मी सुट्टीत गावी गेले तेव्हा माझ्या नखांवर खाली पांढरा आणि वर काळा क्रॅकल होता. दुपारी ओसरीवर जेवणं झाल्यावर अप्पांनी माझा हात धरून डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, रागावतात.

“हे असं उकललंय कशानं?”

मी सांगितलं, हे असंच असतं, लावलं की आपोआप भेगा पडतात.

“म्हणजे मुद्दाम भेगा पाडायलेत लोकं?” अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “भेगा विकत मिळतेत का तुमच्या पुण्याला?”

काकू आतून म्हणाली, “पऱ्हाटीच्या वावरावानी दिसायलंय गं.”

आणि ते खरोखर तसंच दिसत होतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अप्पांबरोबर मी वावरात गेले. कापूस काढून झालेला, पऱ्हाट्या उपटलेल्या, जमीन उघडी. काळ्या जमिनीला मे महिन्यात ज्या भेगा पडतात त्या मी लहानपणापासून बघत आले होते. त्यांत आमच्या गोट्या गेल्या, चपलेचा अंगठा अडकून पडणं व्हायचं, एकदा धाकट्या भावाचा चेंडू गेला तो पाऊस पडेपर्यंत दिसत राहिला आणि हाताला लागला नाही. पण मी कधी थांबून त्यांची नक्षी बघितली नव्हती. त्या दिवशी उकिडवं बसून बघितली. जाड ढेकळांची मोठी बेटं. कडेला, जिथं पाणी साचून वर गाळाचा पातळ थर बसला होता, तिथं बारीक जाळी. नवी भेग जुनीला काटकोनात टेकलेली. वहीत मी जे जे लिहून ठेवलं होतं ते सगळं तिथं पसरलेलं होतं.

अप्पा भेगेत हातातली काठी घालत म्हणाले, “ही भारी जमीन म्हणून हिला भेग पडती. मुरमाडाला कधी भेग बघितलीस का? नाही पडायची. त्याला पाणी पण धरता येत नाही.” काठी जवळजवळ निम्मी आत गेली होती. “वरची माती, काडीकचरा सगळं आत पडतं. पाऊस आला की भुई फुगती, भेग मिटती. वरलं खाली, खाललं वर. ही आपली आपणच नांगरून घेती.”

शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘रेगूर’ म्हणून एक परिच्छेद होता, त्यात हे वाक्य असावं. पाठही केलं असेल. पण ते माझ्यापर्यंत पोचलं ते नखांवरच्या काळ्या रंगामुळे आणि अप्पांच्या काठीमुळे.

पुढच्या वर्षीबद्दल थोडंच लिहिते. २०१२चा पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि २०१३च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात दुष्काळ होता. जालन्याकडं मोसंबीच्या बागा वाळल्या, बीड-उस्मानाबादकडं जनावरं छावण्यांत गेली. वर्तमानपत्रांत रोज भेगाळलेल्या जमिनीचे फोटो येत. मला ते फोटो बघताना प्रत्येक वेळी वाटायचं की फोटो काढणाऱ्यानं भेगेची चूक केली आहे, ही भेग दर वर्षी पडते, यंदा ती मिटायला पाणी आलं नाही हे दुःख आहे. त्या वर्षी गावी जाताना मी स्वारगेटला बसमध्ये चढण्याआधी नखं पुसून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं.

आता मी पुण्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात दर्जातपासणीचं काम करते. भिंतींचे रंग. पत्र्याच्या तुकड्यांवर ठरावीक जाडीचा थर ओढायचा, वाळवायचा, वाकवायचा, बघायचा. आमच्या धंद्यात रंगाला असं उकलणं हा दोष आहे आणि त्याला ‘मड क्रॅकिंग’ असंच नाव आहे. चिखलाच्या भेगा. थर जाड झाला, भर जास्त झाली, वरचा भाग आधी वाळला, की येतात. पहिल्या आठवड्यात वरिष्ठांनी असा एक खराब पत्रा मला दाखवून विचारलं, याचं कारण काय असेल? मी सांगत गेले. जाडी, पूड, वरचा हात आधी वाळणं, खालचा धरून ठेवणं. त्यांनी विचारलं, हे कुठं शिकलात? मी तुळशीबाग म्हणाले. त्यांना ते समजलं नसावं, पण मला त्या उत्तराचा अभिमान आहे.

याच नोकरीत मला दोन गोष्टी कळल्या आणि त्या मी तेव्हापासून भेटेल त्या माणसाला सांगत आले आहे.

पहिली कापसाची. नेलपॉलिशचा पडदा धरणारं जे नायट्रोसेल्युलोज, ते सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून बनतं. सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातूनही घेतात, पण त्याचा जुना आणि उत्तम स्रोत म्हणजे सरकीवर चिकटून राहिलेली आखूड लव. जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीवर जी मऊ बुरशीसारखी लव उरते, जी आम्ही लहानपणी बोटांनी ओरबाडायचो, तीच. म्हणजे नखावर वाळून बसतो तो चकचकीत पापुद्रा बऱ्याचदा कापूसच असतो. जास्त नायट्रेट केलं तर त्याच कापसाची बंदुकीची दारू होते. मूकपटांच्या काळातल्या रिळीही याच पदार्थाच्या होत्या, म्हणून त्या भडकून जळायच्या. पुण्यात २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा जुन्या रिळी आगीत गेल्या. नेलपॉलिशची बाटली गॅसच्या ओट्यावर आणि देवापुढच्या समईजवळ उघडू नका, असं मी घराघरांत सांगते ते याच्यामुळे.

दुसरी गोष्ट मातीची. नेलपॉलिशमधली रंगद्रव्याची पूड जड असते. ती तळाला बसू नये म्हणून त्यात एक विशिष्ट प्रकारची, प्रक्रिया केलेली चिकणमाती घालतात. बाटली स्थिर असताना ती सगळ्याला जाळ्यासारखं धरून ठेवते, आणि हलवलं, ब्रश फिरवला की सैल होऊन वाहू देते. हेक्टोराइट, बेंटोनाइट अशी तिची नावं. दोन्ही नावं अमेरिकेतल्या ठिकाणांवरून पडलेली. या मातीतली खनिजं स्मेक्टाइट नावाच्या गटातली. आणि आमच्या काळ्या जमिनीला फुगवणारी, आक्रसवणारी, भेगा पाडणारी जी चिकणमाती आहे, मॉन्टमोरिलोनाइट, तीही याच गटातली. क्रॅकलच्या भेगा या मातीमुळे पडतात असं नाही. तिथं द्रावण उडतं, वावरात पाणी उडतं. पण बाटलीत कापूस आहे आणि काळ्या मातीची बहीण आहे, हे खरं आहे. ज्या दिवशी मला हे समजलं त्या दिवशी मी कारखान्याच्या कँटीनमधून अप्पांना फोन केला. ते म्हणाले, “मग आपल्या कापसाला भाव का देईनात?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

काकूच्या हातांबद्दल सांगायला हवं. कापूस वेचणाऱ्या बाईला नखं ठेवता येत नाहीत. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचताना ती नखाच्या कडेला, नखाखाली शिरतात. दिवाळीनंतर दोन महिने काकूच्या बोटांच्या पेरांवर बारीक काळे चिरे असायचे आणि त्यात ती रात्री कोमट तेल चोळायची. मजुरी किलोवर. तिनं स्वतः कधी क्युटेक्स लावलं नाही. पण घरातली नेलपॉलिशची पहिली बाटली तिचीच होती, लाल, आणि ती फडताळात काडेपेटीशेजारी असायची. भिशीला, लग्नाला डबे-पातेली देवाणघेवाणीत जात, तेव्हा आपली ओळखू यावीत म्हणून ती प्रत्येक भांड्याच्या बुडाला लाल ठिपका द्यायची. एकावर एक दोन ठिपके म्हणजे आमचं घर. खोट्या मंगळसूत्राच्या वाट्या काळ्या पडू नयेत म्हणून त्यांना पारदर्शक पॉलिशचा हात द्यायचा, हेही तिनंच शिकवलं. मला वाटतं, स्वस्त नेलपॉलिशचं खरं कौतुक तिनं केलं. तिला त्याची धरून ठेवण्याची ताकद कळली होती.

नुकसानही सांगते. एकदा एका टेबलावरून घेतलेल्या, कुणाचंच नाव नसलेल्या दहा रुपयांच्या लाल बाटलीनं माझ्या नखांचे पापुद्रे सुटले आणि खालचं नख हळदीसारखं पिवळं झालं. काही लाल रंगद्रव्यं नखाच्या केराटिनमध्ये उतरतात आणि पुसून जात नाहीत. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे तो पिवळेपणा मुळापासून टोकापर्यंत ढकलून काढायला सहा महिने गेले. तेव्हापासून खाली पारदर्शक पॉलिशचा एक हात दिल्याशिवाय मी लाल लावत नाही, आणि बनवणाऱ्यानं आपलं नावही लिहिलं नाही अशी बाटली घेत नाही. दर स्वस्त असावा, बनवणारा बेनाव नसावा. आणि घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतू नका. त्यातलं ॲसिटोन पडद्याची घडी मोडतं. नेलपॉलिशचं थिनर मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब टाकून बाटली तळहातांत धरून लाटण्यासारखी फिरवायची. आतले छर्रे खुळखुळले की समजायचं, सुटलं.

क्रॅकलची लाट दोन वर्षांत ओसरली. तुळशीबागेतल्या ट्रेमधून ते गेलं, त्याच्या जागी आधी चमकी आली, मग मॅट आलं, मग वाळूसारखं खरखरीत. मी काळ्या क्रॅकलची एक बाटली जपून ठेवली होती. या दिवाळीत ती गावी घेऊन गेले, कारण भावाच्या मुलीला, आमच्या दहा वर्षांच्या चिमणीला, मला भेगा पडताना दाखवायच्या होत्या. थिनर घालून, फिरवून, बाटली मोकळी केली. खाली तिच्या आवडीचा अबोली लावून पूर्ण वाळू दिला. वरून काळ्याचा एक हात, एका दमात.

फाटलं नाही. नुसतं काळं राहिलं, मऊ, ओलसर. इतक्या वर्षांत आतलं काहीतरी बदललं असणार, की मी थिनर जास्त घातलं, की ज्या द्रावणाच्या घाईवर सगळा खेळ चालतो तेच उडून गेलं होतं. मी तिला सांगत होते, थांब, आता पडेल. आम्ही दोघी नखावर वाकून पाच मिनिटं बसलो. काकू चूल सोडून बघायला आली.

“आत्या, राहू दे,” चिमणी म्हणाली. “माझं दाखवू का?”

तिनं आतून तिची बाटली आणली. आठवडी बाजारातली, चाळीस रुपयांची. शेवाळी रंग आणि झाकणाच्या माथ्यावर बसवलेला चुंबकाचा तुकडा. तिनं माझ्या करंगळीवर जाड हात दिला आणि तो ओला असतानाच झाकण उलटं करून नखाच्या अगदी वर, न टेकवता, धरलं. मनातल्या मनात दहा आकडे मोजले. चुंबक बाजूला केला तेव्हा शेवाळी रंगातून मांजराच्या डोळ्यासारखा एक तिरका उजेडाचा पट्टा गेला होता. रंगातला लोखंडाचा भुगा ओढला जाऊन तिथं जमला होता. “हलू नको,” ती म्हणाली, “नाहीतर फिसकटतं.”

मी हात धरून बसून राहिले. अप्पा खाटेवरून उठले आणि तो चुंबक त्यांनी मागून घेतला. तो उलटसुलट करून बघितला, मग अंगणाच्या कडेला, जिथं पन्हाळीचं पाणी पडून बारीक माती निवडून बसते, तिथं उकिडवे बसले आणि झाकण मातीतून हळूहळू ओढलं. आम्ही लहानपणी फुटक्या स्पीकरचा चुंबक असाच ओढायचो. झाकण वर उचललं तेव्हा त्याला काळ्या बारीक केसांसारखी माती उभी राहिली होती.

चिमणी एकाच हाताची नखं रंगवून तशीच धावली. “अप्पा, ते माझ्या बाटलीत टाकायचं का?”

“टाकून बघ,” अप्पा म्हणाले.